कुठली लाईन घेतलीस?

मागच्या श्रावणात आई परसातल्या शेवाळावरून घसरली आणि उजव्या मनगटावर पडली. मनगट बघता बघता सुजलं. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लांबूनच पाहून सांगितलं, आधी एक्स-रे काढून आणा. एक्स-रेच्या खोलीत पंचविशी ओलांडलेला एक मुलगा होता. त्याने आईचा हात पाहिला आणि पहिली अडचण त्याला दिसली ती हिरव्या बांगड्यांची. सुजेमुळे त्या हातातून निघत नव्हत्या. मनगटाशी राहिल्या असत्या तर हाडावर त्यांची सावली पडली असती. आईने आधीच हात पोटाशी घट्ट धरला होता. ‘वाढवू नका हो, हे बाहेर बसलेत.’

तो म्हणाला, ‘आजी, एकसुद्धा वाढवायची नाही. नुसत्या वर सरकवू.’ एकेक बांगडी त्याने कोपराकडे नेली आणि बँडेजच्या पट्टीने तिथेच बांधून टाकली. मग तळहात पालथा ठेवून एक फोटो, आणि हात कडेवर उभा करून दुसरा, कारण एकाच सावलीत मोडलेलं हाड कधी कधी अख्खं दिसतं. दुसऱ्या फोटोच्या वेळी हात थरथरायला लागला. त्याने शिशाच्या पडद्यामागून विचारलं, ‘आजी, माहेर कुठलं तुमचं?’ आई गावाचं नाव सांगून नदीपर्यंत पोचायच्या आत फोटो निघालाही होता. हात हलला नव्हता.

बाहेर येऊन तो माझ्याकडे वळला. ‘सर, ओळखलं नाहीत. मी तुमच्याच वर्गात होतो. सेकंड इयरला सोडलं.’

मी २६ वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतोय. क्ष-किरणांचा धडा दरवर्षी शिकवतो. कूलिज नळी, सलग वर्णपट, ब्रॅगचा नियम, त्यावरची गणितं. त्या वर्गात बांगड्यांचा विषय एकदाही निघाला नाही. आणि हा मुलगा आमच्या कॉलेजच्या कागदपत्रांत त्या वर्षीच्या ‘गळती’त मोजलेला आहे.

त्या पाच मिनिटांत त्याने काय काय केलं, ते मी घरी येऊन आठवत बसलो. आईच्या ठिसूळ हाडाला किरणांचा जोर, म्हणजे केव्ही, किती लागेल हे ठरवलं, ते भौतिकशास्त्र. हात कुठे, किती अंतरावर, कुठल्या कोनात ठेवायचा हे ठरवलं, ती फोटोग्राफी. बांगड्यांची भीती ओळखली आणि माहेरचं नाव काढून हात स्थिर केला, ते मानसशास्त्र. तिन्ही मिळून जे झालं त्याला रेडिओग्राफी म्हणतात. आमच्या कॉलेजात यातला पहिला विषय सायन्सच्या इमारतीत आहे. मानसशास्त्र मैदानापलीकडे आर्ट्सच्या दुसऱ्या मजल्यावर. फोटोग्राफी स्नेहसंमेलनाच्या आधीचे चार दिवस जिवंत होते आणि पुन्हा झोपते. रेडिओग्राफी कॉलेजात नाहीच. ती ‘पॅरामेडिकल लाईन’, म्हणजे आमच्या बोलीत, सायन्सला जमलं नाही म्हणून धरलेली वाट.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या विषयांची कामात गाठ पडते त्यांची शिक्षणातही गाठ पडली पाहिजे. रेडिओग्राफीसारखा अभ्यासक्रम साध्या तालुक्याच्या कॉलेजात, भौतिकशास्त्र आणि मानसशास्त्राच्या विभागांनी मिळून, पदवीच्या मानाने शिकवला पाहिजे. तसं होत नाही याचं कारण पैसा थोडा आणि आपल्या मनातल्या उतरंडी जास्त.

दहावीनंतर मुलाला घरीदारी विचारतात, ‘कुठली लाईन घेतलीस?’ या शब्दातच सगळं आलं. लाईन म्हणजे रूळ. एकदा डबा रुळावर लागला की शेजारच्या रुळावर जाता येत नाही. सायन्स वर, मग कॉमर्स, मग आर्ट्स, आणि हाताने करायचं ते सगळ्यांत खाली. ‘मार्क कमी पडले म्हणून सायकॉलॉजी घेतलं’ असं आई-बाप मुलीसमोरच सांगतात. ती मुलगी खाली बघत असते.

मुळात हे विषय इतके लांब कधी नव्हते. गुस्टाव फेखनर लायप्झिगला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता. डोळ्यांसमोर राहणाऱ्या प्रतिमांचा अभ्यास करताना सूर्याकडे बघून त्याने स्वतःचे डोळे खराब करून घेतले. उजेड किती वाढला की डोळ्याला तो वाढल्यासारखा वाटतो, हे मोजायचा त्याला ध्यास होता. त्यातून १८६० मध्ये संवेदना मोजण्याचं शास्त्र उभं राहिलं, आणि १८७९ मध्ये त्याच लायप्झिगमध्ये विल्हेल्म वुंटने मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, तोही प्रायोगिक मानसशास्त्राचाच. एक्स-रेतली करड्या रंगाची एक छटा दुसरीपासून वेगळी कळते की नाही, हा फेखनरचाच प्रश्न आहे. म्हणून तर एक्स-रे बघायच्या खोलीत दिवे मंद ठेवतात.

क्ष-किरण शोधणाऱ्या रोंटगेनचंही तसंच. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गला त्याला पडद्यावर चमक दिसली ती भौतिकशास्त्राच्या प्रयोगात. पण जगाला पटलं ते फोटोमुळे. २२ डिसेंबरला त्याने बायकोचा हात फोटोच्या काचेवर ठेवला. हाडं आणि बोटातली अंगठी, दोन्ही उमटली. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यालाच मिळालं. किरण कसले ते ठाऊक नव्हतं म्हणून त्याने त्यांना एक्स म्हटलं, आणि आपण बीजगणितातला ‘क्ष’ उचलून क्ष-किरण केलं. हे भाषांतर मला फार आवडतं. ज्याला कुणाला सुचलं, त्याला गणितही येत होतं आणि मराठीही.

मुंबईतही एक जुनं उदाहरण आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि लगेचच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हे डॉक्टर होते आणि नावाजलेले फोटोग्राफरही. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी ही विद्या मुंबईच्या कॉलेजात शिकवण्याजोगी वाटली. आज माझ्या विभागात वर्णपटाच्या फोटोकाचा धुण्यासाठी बांधलेली डार्करूम आहे. लाल दिवा आहे, सिमेंटचं सिंक आहे, आणि त्यात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत.

पहिल्या महायुद्धात मारी क्युरीने मोटारींवर एक्स-रे यंत्रं चढवून ती आघाडीवर नेली. पण यंत्रं चालवणार कोण? तिने सुमारे १५० स्त्रियांना शिकवून तयार केलं. त्यांना वीज शिकवली, क्ष-किरण शिकवले, शरीररचना शिकवली, काच धुवून फोटो काढायला शिकवलं. दोन नोबेल मिळालेली बाई हे शिकवण्यात कमीपणा मानत नव्हती. आपल्या विद्यापीठांना मात्र ‘टेक्निशियन’ या शब्दाचा कमीपणा वाटतो.

आता कोणी म्हणेल, बटण तर दाबायचंय, त्याला पदवी कशाला? या प्रश्नावर मला जरा थांबायचंय, कारण बटणाबद्दलचा हा गैरसमज रुग्णाच्या अंगावर येतो.

यंत्रावर मुख्य आकडे दोन, केव्ही आणि एमएएस. केव्ही म्हणजे किरण किती भेदून जातील, एमएएस म्हणजे किती किरण सोडायचे. केव्ही १५ टक्क्यांनी वाढवला तर फिल्म जवळजवळ एमएएस दुप्पट केल्याइतकी काळी होते. चांगल्या टेक्निशियनला हे तोंडपाठ असतं. छातीचा फोटो साधारण १८० सेंटिमीटरवरून आणि पाठीमागून काढतात, छाती चित्र उमटणाऱ्या पाटीला टेकवून. का? दिव्याजवळ हात नेला की भिंतीवरची सावली राक्षसाएवढी होते आणि भिंतीजवळ नेला की हाताएवढी. हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असतं. ते पाटीजवळ असलं की सावली खरी पडते. उलट उभं केलं तर धडधाकट माणसाचं हृदय मोठं दिसेल. खांदे पुढे काढायला सांगतात ते खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला जावीत म्हणून. ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ हे शब्द सवयीने म्हटले जातात, पण छाती आणि पोटामधला पडदा खाली गेल्याशिवाय फुप्फुसाचा तळ दिसत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. फिल्मच्या काळात चूक लपत नसे. किरण जास्त झाले की फिल्म काळीठिक्कर, पुन्हा फोटो, पुन्हा खर्च, वर साहेबांची बोलणी. डिजिटल यंत्रांनी हे उलटं केलं. किरण कमी पडले तर चित्र दाणेदार दिसतं आणि तक्रार येते. जास्त झाले तर कॉम्प्युटर सावरून घेतो आणि चित्र उलट गुळगुळीत, देखणं येतं. डॉक्टर खूष, रुग्ण खूष. मग हात नकळत वरच्या आकड्यावर स्थिरावतो. डोस वाढत जातो आणि कुणाला कळतही नाही. जगभर या सवयीला ‘एक्स्पोजर क्रीप’ असं नाव आहे. ती ओळखायची तर पडद्यावरचा एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे पाटीवर किती किरण पडले ते सांगणारा आकडा, वाचता आला पाहिजे, आणि तो वाचायचा तर आकड्यामागचं भौतिकशास्त्र डोक्यात पाहिजे.

अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने, किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी मर्यादा घालून दिली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (अंगावर पडलेल्या किरणांचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. त्यासाठी कर्मचाऱ्याच्या छातीवर टीएलडीचा, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणांची नोंद ठेवणारा, बिल्ला असतो, दर तीन महिन्यांनी तो मोजला जातो. रुग्णाच्या छातीवर बिल्ला नसतो. त्याच्यासाठी अशी मर्यादा घालता येत नाही, कारण आजाराप्रमाणे गरज बदलते. छातीच्या साध्या एक्स-रेत ०.१ मिलिसीव्हर्टही पडत नाही. पोटाच्या सीटीत ८ ते १० पडतात. हा फरक रुग्णाला ठाऊक नसतो. त्याचा बचाव एकच, आकडा निवडणाऱ्याला तो का निवडला हे कळलेलं असणं.

बसस्टँडच्या भिंतीवर ‘सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन, नोकरीची हमी’ असे बोर्ड दिसतात तेव्हा मला राग येतो तो याचसाठी. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने असा कोर्स केला. वडिलांनी त्यासाठी म्हैस विकली. प्रमाणपत्र घेऊन ती चार दवाखाने फिरली, पाचव्या ठिकाणी तिला ते कुठेच चालत नाही हे कळलं. तिला यंत्राला हातसुद्धा लावू दिला नव्हता, वहीत आकृत्या काढून घेतल्या होत्या. केंद्राने २०२१ मध्ये सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात अशा व्यवसायासाठी किमान २००० तासांचं शिक्षण आणि वरच्या पायरीच्या पदवीसाठी किमान ३६०० तास अशी अट घातली आहे. सहा महिन्यांत २००० तास बसत नाहीत, हे गणित आठवीतल्या पोराला जमेल. आई-बापांपर्यंत ते पोचवायचं काम शाळा-कॉलेजांचं आहे आणि आम्ही ते केलेलं नाही.

याच कायद्याच्या यादीत रेडिओग्राफीचे तंत्रज्ञ आहेत, रुग्णालयात किरणांचा हिशेब ठेवणारे भौतिकशास्त्रज्ञ आहेत आणि मानसशास्त्रज्ञही आहेत. म्हणजे कायद्याने त्यांना एका छपराखाली आणलं. त्याच आधाराने यूजीसीने २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणं बंद केलं. घरी बसून पदवी घेणाऱ्या अनेक नोकरदार स्त्रियांची त्यात अडचण झाली, हे मला मान्य आहे आणि त्यांच्यासाठी संध्याकाळच्या कॉलेजांची सोय व्हायला हवी. पण निर्णयामागची दिशा मला पटते. माणसाचं मन समजून घ्यायचं शिक्षण माणसासमोर बसूनच झालं पाहिजे.

मानसशास्त्र एक्स-रेच्या खोलीत कशाला, असं विचारणाऱ्यांनी तिथे एक दिवस बाकावर बसून पाहावं. तरण्या मुलीला ‘ब्लाउज काढून गाऊन घालून या’ हे सांगायचं असतं आणि खोलीत टेक्निशियन पुरुष असतो. तीन वर्षांच्या पोराला निश्चल ठेवायचं असतं. खोकणाऱ्या माणसाला फोटो काढायच्या आधीच टीबीचा शब्द ऐकू आलेला असतो आणि तो दाराकडे बघत असतो. एमआरआयच्या बोगद्यात तपासणी अर्ध्यावर असतानाच काही लोक ओरडून उठतात, तपासणी वाया जाते, पैसेही जातात. नीट समजावून सांगितलेला माणूस पडून राहतो.

आणि एक दृश्य आणखी अवघड. बाई येते, म्हणते जिन्यावरून पडले. फोटोत कोपर आणि मनगटाच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं एकच हाड मोडलेलं असतं. पडणारा माणूस तळहात टेकतो, त्यात सहसा मनगट जातं. मधलं हे हाड एकटं मोडतं ते अनेकदा डोक्यावर येणारा घाव आडव्या हातावर झेलताना. दरवेळी तसंच असेल असं नाही, आणि निवाडा करणं टेक्निशियनचं काम नाही. पण नवरा बाहेर बसलेला असताना त्या बाईबरोबर दाराआड असणारं माणूस दवाखान्यात तेवढंच एक असतं. काय विचारायचं, काय विचारायचं नाही, डॉक्टरांच्या कानावर कसं घालायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं असतं का? आर्ट्सच्या दुसऱ्या मजल्यावर हे शिकवू शकणाऱ्या बाई आहेत. त्यांच्या वर्गात समुपदेशन शिकणाऱ्या चाळीस मुली आहेत, ज्यांना पदवीनंतर काम कुठे मिळेल ते सुचत नाही. मधे फक्त एक मैदान आहे.

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं यावर उत्तर ठरलेलं असतं: एक ना धड, भाराभर चिंध्या. त्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. सगळ्यातलं थोडं थोडं शिकवून मुलाला कशातच खोल जाऊ न देणं हे पाप आहे, आणि नव्या श्रेयांक पद्धतीत ते घडतंय. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, शिवाय व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे पेपर. मुलं डबे भरत राहतात. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यायचं असा राज्याचा नियम आहे आणि तो चांगला आहे. प्रत्यक्षात ज्या शिक्षकाचे तास कमी पडतात त्याचा विषय मुलांच्या गळ्यात पडतो. भौतिकशास्त्राच्या मुलीला निबंधलेखनाची मूलतत्त्वं, मानसशास्त्राच्या मुलाला दैनंदिन जीवनातलं विज्ञान. या चिंध्याच आहेत. पण गोधडीही चिंध्यांचीच असते, तिला टाके घातलेले असतात म्हणून ती ऊब देते. एक काम मधे ठेवलं की विषयांना टाका बसतो. एक्स-रे नीट काढणं हे असं काम आहे.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता एक्स-रे यंत्रच वाचणार, मग माणूस कशाला? यंत्र वाचतं हे खरंच. टीबीच्या तपासणीत छातीचे एक्स-रे कॉम्प्युटरने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच मान्यता दिली. आपल्याकडे ७ डिसेंबर २०२४ ला टीबीविरोधात १०० दिवसांची मोहीम सुरू झाली, त्यात हातात धरायची एक्स-रे यंत्रं गावागावांत गेली. मला तर यातून उलटंच दिसतं. यंत्र दवाखान्यातून समाजमंदिरात आलं, तिथे शिशाची भिंत नाही, बघ्यांची गर्दी आहे, आणि अंतर दुप्पट केलं की किरण चौथाई होतात हे ठाऊक असलेला माणूस तिथे आणखी जास्त लागतो. वाकडं उभं राहून काढलेलं चित्र कॉम्प्युटरही वाकडंच वाचतो.

एक गोष्ट मला स्वतःच्या विषयाबद्दल सांगायची आहे, नाहीतर गैरसमज होईल. भौतिकशास्त्र नोकरीसाठीच शिकवा असं मी म्हणत नाही. ताऱ्याच्या पोटात काय चाललंय हे तालुक्यातल्या मुलीला कळावं, त्याचा तिला काही उपयोग होवो न होवो, यासाठी मी आयुष्य घातलंय. पण सेकंड इयरचा तो मुलगा सोडून गेला तेव्हा घरात पैसे नव्हते, आणि पुढे काय हे मी त्याला सांगू शकलो नव्हतो. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून किरण-भौतिकीची पदविका शिकवतात, भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेल्यांना ती करता येते, आणि त्यातून कॅन्सर रुग्णालयांना लागणारे भौतिकशास्त्रज्ञ तयार होतात. हे मी त्याला सांगायला हवं होतं. त्या वर्गातल्या एकालाही सांगितलं नव्हतं. एक्स-रेच्या खोलीपासून तिथपर्यंत एक जिना आहे, पण त्याची पहिली पायरी आमच्या इमारतीत नाही.

ही पायरी बांधायला फार काही लागत नाही. एक्स-रे यंत्र कॉलेजने विकत घ्यायची गरज नाही आणि घेऊही नये. परवाना, भिंती, देखरेख हे रुग्णालयाकडे असतं, ते तिथेच राहावं. तासांचा मोठा भाग तिथेच व्हावा. कॉलेजकडे प्रयोगशाळा आहे, शिक्षक आहेत, मुलं आहेत. साध्या दिव्याने, पुठ्ठ्याने आणि फुटपट्टीने सावलीचं अख्खं गणित शिकवता येतं. जुन्या कॅमेऱ्याने एक्स्पोजर शिकवता येतं. पूर्ण पदवीला वेळ लागेल, आरोग्य विद्यापीठ आणि आमचं विद्यापीठ एका टेबलावर यावं लागेल. तोवर दोन श्रेयांकांचा एक पेपर तरी यंदा सुरू करता येईल, सायन्स आणि आर्ट्सच्या मुलांना एकाच बाकावर बसवून.

तसा अर्ज मी केला आहे. मानसशास्त्राच्या बाईंनी अर्धा अभ्यासक्रम लिहिला, अर्धा मी. डार्करूममधले गठ्ठे हलवायला प्राचार्यांची परवानगी मिळाली, मुलांनी रविवारी येऊन सिंक घासलं, नळाला पाणी येतंय. चार प्रात्यक्षिकांसाठी आईचा एक्स-रे काढणाऱ्या त्या मुलाने सुट्टीच्या दिवशी यायचं कबूल केलं आहे. अर्जात ‘शिकवणाऱ्याची शैक्षणिक पात्रता’ असा रकाना आहे आणि तिथे पदव्युत्तर पदवी लिहावी लागते. मी त्याच्या नावापुढे पदविका आणि सहा वर्षांचा अनुभव लिहिला, खाली सही केली आणि अर्ज अभ्यास मंडळाकडे पाठवला.